फिरत्या चाकातला मसावि

"दोघादोघांच्या जोड्या करा," असं वर्गात म्हटलं की पुढच्या अर्ध्या मिनिटात काय होतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. जिवलग मैत्रिणी एकमेकींचे हात धरतात, एका बाकावरचे शेजारी जागचे हलतही नाहीत, आणि शेवटी कुणीतरी एक उरतं.

काही वर्षांपूर्वी एका शाळेत नाडीचे ठोके मोजण्याचा प्रयोग घ्यायला गेलो होतो. वर्गात ४३ मुलं होती. एकाने मनगट पुढे करायचं, दुसऱ्याने ठोके मोजायचे. जोड्या झाल्या आणि खिडकीपाशी एक मुलगी स्वतःचंच मनगट धरून उभी राहिली. "ती नेहमी एकटीच करते," एका मुलाने मला समजावून सांगितलं. ४३ ही विषम संख्या आहे, तेव्हा कुणीतरी एक उरणारच, हे गणित झालं. पण दर वेळी तीच का उरावी, याचं उत्तर गणितात नव्हतं.

पुढे या प्रश्नाकडे पाहण्याची एक वाट मला अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडली. ती एका नाचात होती.

चाक आणि त्याचा म्होरक्या

संशोधनासाठी परदेशात असताना प्रयोगशाळेतल्या एका क्यूबन सहकाऱ्याने मला एका संध्याकाळी ओढून नाचाच्या वर्गाला नेलं. त्या नाचाचं नाव 'रुएदा दे कासीनो'. स्पॅनिशमध्ये रुएदा म्हणजे चाक. सालसा हा जोडीने करायचा नाच आपल्यापैकी अनेकांनी पडद्यावर पाहिलेला असतो. रुएदामध्ये अशा आठ-दहा जोड्या गोल करून उभ्या राहतात आणि सगळ्या जोड्या एकाच वेळी एकच हालचाल करतात. कोणती हालचाल करायची ते त्या गोलातच नाचणारा एक जण ओरडून सांगतो. तो बाहेर उभा राहून शिट्टी वाजवत नाही. स्वतः नाचता नाचताच हुकूम देतो.

हुकूमही मजेदार असतात. 'सोंब्रेरो' म्हणजे टोपी. या हालचालीच्या शेवटी दोघांचे हात दोघांच्या डोक्यांवरून टोपीसारखे फिरून येतात. 'एन्चुफ्ला' म्हणजे प्लग खोचणे. यात दोघं जागांची अदलाबदल करतात. 'दीले के नो' म्हणजे 'तिला नाही म्हणून सांग'. बहुतेक हालचालींचा शेवट याने होतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचा हुकूम आहे 'दामे', म्हणजे 'मला दे'. हा शब्द कानावर पडला की प्रत्येक जण आपली जोडीदारीण सोडून पुढच्या जोडीतलीकडे जातो. 'दामे दोस' म्हटलं तर एक जोडी सोडून दुसरी गाठायची, 'दामे त्रेस' म्हटलं तर तिसरी. दोस म्हणजे दोन आणि त्रेस म्हणजे तीन.

हा नाच जन्मला क्यूबाच्या राजधानीत, हवानात, १९५० च्या दशकात. तिथे 'कासीनो देपोर्तिवो' नावाचा, सभासदांपुरता मर्यादित असा एक क्लब होता. तिथल्या नाचाच्या रात्री तरुण जोड्या गोल करून नाचू लागल्या आणि क्लबाचं नाव नाचाला चिकटलं. १९५९ च्या क्रांतीनंतर असे खाजगी क्लब सरकारने ताब्यात घेतले, आणि त्यातले कितीतरी 'कामगारांची सामाजिक मंडळं' या नावाने सर्वांना खुले झाले. स्पॅनिशमध्ये या मंडळांसाठी जो शब्द वापरला गेला, 'सीर्कुलो', त्याचा अर्थही वर्तुळ असाच आहे. पुढे क्यूबातून बाहेर पडलेल्या लोकांबरोबर हा नाच अमेरिकेतल्या मायामीला गेला आणि तिथून जगभर पसरला. आजही त्याचे हुकूम बहुतेक ठिकाणी स्पॅनिशमध्येच दिले जातात. भाषा न येणारा माणूसही त्यात सामील होऊ शकतो, कारण एवढे पंधरा-वीस शब्द पुरतात.

'दामे' म्हणजे अधिक एक

आता थोडं गणित करू. आठ जोड्या आहेत असं धरा. एका भूमिकेतले आठ जण जागेवर आहेत, त्यांना १ ते ८ क्रमांक देऊ. दुसऱ्या भूमिकेतले आठ जण हुकुमाप्रमाणे पुढे सरकतात. आपण त्यांतल्या एकावर, क्रमांक १ पाशी उभ्या असलेल्यावर, लक्ष ठेवू.

'दामे' म्हटलं की तो २ पाशी जातो, पुन्हा 'दामे' म्हटलं की ३ पाशी. आठव्या हुकुमाला तो पुन्हा १ पाशी येतो, तोवर त्याची सगळ्यांशी गाठ पडलेली असते. घड्याळात बारानंतर जसा एक येतो, तसा इथे आठनंतर एक येतो. गणितात याला घड्याळी अंकगणित असंही म्हणतात.

म्होरक्या दर वेळी फक्त 'दामे दोस'च म्हणत राहिला तर? आपला माणूस १ वरून ३, ५, ७ असा जाऊन चौथ्या हुकुमाला पुन्हा १ वर येईल. २, ४, ६ आणि ८ यांची गाठ त्याला कधीच पडणार नाही, गाणं रात्रभर चाललं तरीही. आठ जोड्यांचे नकळत दोन कंपू झाले आहेत, सम आणि विषम. दोन्ही कंपू एकाच गोलात, एकाच तालावर नाचत आहेत, पण एकमेकांना भेटत नाहीत.

हुकूम 'दामे त्रेस' असेल तर? १ वरून ४, ७, २, ५, ८, ३, ६ आणि मग १. या वेळी सगळे भेटले. गोलाला तीन फेऱ्या घालाव्या लागल्या, पण कुणी सुटलं नाही.

आठ जोड्यांसाठी वेगवेगळ्या उड्यांचं उत्तर असं येतं :

उडी १ : ८ जोडीदार भेटतात
उडी २ : ४ जोडीदार
उडी ३ : ८ जोडीदार
उडी ४ : २ जोडीदार
उडी ५ : ८ जोडीदार
उडी ६ : ४ जोडीदार
उडी ७ : ८ जोडीदार

उडी ७ म्हणजे एक घर मागे जाण्यासारखंच आहे, तेव्हा तिचं उत्तर १ सारखं येणारच. बाकीच्या आकड्यांमागचा नियम मुलांना स्वतः शोधू द्यावा. तो असा आहे : जोड्यांची संख्या आणि उडी यांचा मसावि काढा आणि त्याने जोड्यांच्या संख्येला भागा. ८ आणि २ यांचा मसावि २, म्हणून ८ भागिले २, म्हणजे ४ जोडीदार. ८ आणि ३ यांचा मसावि १, म्हणून आठही. ८ आणि ६ यांचा मसावि पुन्हा २.

असं का होतं? आपला माणूस मूळ जागी परत येतो, म्हणजे त्याने ओलांडलेली एकूण घरं ८ च्या पटीत आलेली असतात. ती उडीच्याही पटीत असतातच. म्हणजे परत येण्याचा पहिला क्षण हा दोघांचा लसावि. ८ आणि ६ यांचा लसावि २४, सहासहाच्या उड्यांनी तो गाठायला चार हुकूम लागतात, म्हणून चार जोडीदार. सहावी-सातवीच्या पुस्तकात मसावि आणि लसावि शेजारी शेजारी असतात, पण त्यांचं नातं मुलांना क्वचितच दिसतं. इथे ते पायांनी चालून पाहता येतं.

जोड्या सात असतील तर? सात ही मूळ संख्या आहे. १ ते ६ पैकी कोणतीही उडी घ्या, सातही जोडीदार भेटतातच. बाहेरून कुणी आलं नाही किंवा एक जोडी थकून बसली, एवढ्यानेही गोलाचा स्वभाव असा बदलतो.

अर्थात खरा म्होरक्या एकच हुकूम देत बसत नाही, तो मिसळून देतो. 'दामे', 'दामे दोस', 'दामे', 'दामे त्रेस', 'दामे' या पाच हुकुमांची बेरीज १+२+१+३+१ म्हणजे ८ होते. आठ जोड्यांच्या गोलात इतकं झालं की प्रत्येक जण आपल्या मूळ जोडीदाराकडे परतलेला असतो. हुकुमांचा क्रम बदलला तरी बेरीज तीच राहते. गाणं संपताना सगळे आपापल्या घरी पोचावेत असं वाटत असेल, तर म्होरक्याला ही बेरीज डोक्यात ठेवावी लागते.

एकाची चूक दोघांची अडचण

त्या वर्गातल्या पहिल्याच संध्याकाळी मी गोंधळ घातला. हुकूम होता 'दामे दोस', मी गेलो एकच घर. काय झालं ते क्रमांक लावून पाहा. समजा मी ३ पाशी होतो आणि ४ पाशी गेलो. पण २ पाशी असलेला माणूस बरोबर दोन घरं सरकून ४ पाशीच आला. ४ क्रमांकाच्या बाईंपुढे आम्ही दोघं, आणि ५ क्रमांकाच्या बाई रिकाम्या हाताने उभ्या. त्यांनी हात वर केला, सहकाऱ्याने मला मागून हलकेच ढकललं, आणि गोल पुढे चालू राहिला.

गोलातले सगळे जण सारख्याच घरांनी सरकतात तोवर एकास एक संगती टिकते, म्हणजे प्रत्येकाला एक आणि एकच जोडीदार मिळतो. सगळ्यांनी मिळून चुकीचा आकडा ऐकला तरीही काही बिघडत नाही. आठही जण दोनऐवजी तीन घरं गेले तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. बिघडतं ते एकट्याने वेगळं केल्यावर. आठ जण आठ जागांवर जाणार असतील आणि एका जागी दोघं गेले, तर दुसरी एखादी जागा रिकामी राहिलीच पाहिजे. गणितात याला कबुतरखान्याचं तत्त्व म्हणतात. चूक माझी होती, पण एकट्या पडल्या त्या ५ क्रमांकाच्या बाई. त्यांनी तर काहीच चूक केली नव्हती. खिडकीपाशी उभी राहिलेली ती मुलगी मला तेव्हा आठवली.

आवाज, खूण आणि वेळ

हा नाच आठ ठोक्यांच्या मापात चालतो. १, २, ३ ला पावलं, ४ ला थांबा. ५, ६, ७ ला पावलं, ८ ला थांबा. संगीताचा कणा आहे 'क्लावे' नावाचा ताल. दोन लाकडी दांडक्या एकमेकींवर आपटून तो वाजवतात. तो करून पाहायला वाद्य लागत नाही. एकसारखं १ ते १६ मोजा आणि १, ४, ७, ११ आणि १३ या आकड्यांना टाळी द्या. टाळ्यांमधली अंतरं ३, ३, ४, २, ४ अशी येतात आणि बेरीज १६. हे एक आवर्तन म्हणजेच नाचाचे आठ ठोके. वर्गातल्या निम्म्या मुलांनी मोजायचं आणि निम्म्यांनी टाळ्या द्यायच्या असं केलं, तर दहा मिनिटांत जमतं.

ताल मिनिटाला १८० ठोक्यांचा आहे असं धरू. मग एक ठोका सेकंदाचा तिसरा भाग, आणि आठ ठोके सुमारे २.७ सेकंदांचे. म्होरक्याने चालू हालचाल संपायच्या आत पुढचा हुकूम दिला नाही, तर ऐकून, ओळखून, पाय उचलायला वेळच उरत नाही. हुकमांची संख्या जितकी जास्त, तितका ओळखायला वेळ जास्त लागतो. म्हणून नवख्यांच्या गोलात तीन-चारच हुकूम वापरतात.

जोडीदार बदलायला साधारण चार ठोके मिळतात, म्हणजे १.३ सेकंद. दोन जोड्यांमध्ये दोन मीटर अंतर असेल, तर 'दामे'ला एक-दोन पावलं पुरतात. पण 'दामे त्रेस'ला आणखी चार मीटर जावं लागतं. १.३ सेकंदांत चार मीटर म्हणजे सेकंदाला सुमारे तीन मीटर. आपला नेहमीचा चालण्याचा वेग याच्या निम्मा असतो, म्हणजे इथे धावावंच लागतं. मोठ्या उड्या घ्यायच्या असतील तर आधी गोल लहान करावा लागतो. त्रिज्या कमी केली की परीघ त्याच प्रमाणात कमी होतो, हे नाचणाऱ्यांना सूत्राशिवाय कळलेलं असतं.

गोल फार मोठा झाला की वेगळीच अडचण येते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. आठ जोड्यांच्या गोलाचा व्यास पाच मीटर असला, तर आवाजाला पलीकडे पोचायला सेकंदाचा सत्तरावा भाग लागतो. तो कुणाला जाणवत नाही. पण मैदानावर शेकडो जोड्यांचा शंभर मीटर व्यासाचा गोल केला आणि संगीत एकाच टोकाला लावलं, तर पलीकडच्यांना ते जवळजवळ एक ठोका उशिरा ऐकू येईल. सगळे आपल्या कानांशी प्रामाणिक राहून नाचतील आणि तरी एकमेकांशी जुळणार नाहीत. रुएदात हुकुमांबरोबर हाताच्या खुणाही असतात : 'दामे दोस'साठी दोन बोटं, 'सोंब्रेरो'साठी डोक्याला हात. संगीताच्या गलक्यात हुकूम ऐकू येत नाहीत, म्हणून या खुणा उपयोगी पडतात. शिवाय प्रकाशाला ते शंभर मीटर कापायला नगण्य वेळ लागतो.

वर्गात करून पाहा

यासाठी सालसा यायला हवा असं नाही, आणि हातात हात धरायलाच हवेत असंही नाही. मुलगे आणि मुली असे दोन गट करण्याची तर मुळीच गरज नाही. आता खुद्द रुएदातही भूमिका स्त्री-पुरुषावर ठरवलेली नसते असे गोल कितीतरी ठिकाणी दिसतात.

आठ मुलं आतल्या गोलात बाहेर तोंड करून उभी राहतील. त्यांना १ ते ८ क्रमांक द्या. आठ मुलं त्यांच्यासमोर बाहेरच्या गोलात राहतील. प्रत्येक जोडीने एकमेकांना टाळी द्यायची. तुम्ही 'एक', 'दोन' किंवा 'तीन' म्हणालात की बाहेरच्यांनी तितकी घरं सरकायचं आणि नव्या जोडीदाराला टाळी द्यायची. भेटलेल्या जोडीदारांचे क्रमांक प्रत्येकाने वहीत लिहायचे. प्रत्येक खेळाआधी मुलांना अंदाज विचारा : सगळे भेटतील का? किती हुकमांनंतर परत येऊ? मग करून पाहा. नंतर जोड्या सात करा, नऊ करा, बारा करा. हेच कागदावर करायचं असेल तर वर्तुळावर आठ ठिपके काढून दर तिसरा ठिपका रेघेने जोडत जा. सुंदर आठ टोकांची चांदणी मिळते. दर दुसरा जोडलात तर नुसता चौकोन मिळतो, आणि चार ठिपके बाहेर राहतात.

नंतर एक कोडं घाला. टिपऱ्या खेळताना कधी कधी दोन गोल उलट दिशांना सरकतात. आठ जोड्या आहेत आणि दर वेळी आतला गोल एक घर एकीकडे, बाहेरचा एक घर दुसरीकडे सरकला, तर प्रत्येकाला किती जोडीदार मिळतील? घाईत 'आठ' असं उत्तर येईल. पण दोन्ही गोल सरकल्यामुळे खरी उडी दोनची झाली आहे, आणि निम्मेच भेटतील.

आणखी एक गोष्ट मुलं स्वतःच विचारतील : आतल्या मुलांची आतल्या मुलांशी गाठ कधी पडणार? रुएदात ती पडत नाहीच. सोळा मुलांच्या एकूण जोड्या १२० होतात, त्यांतल्या ६४ च या खेळात जुळतात. सगळ्यांना सगळे भेटायला हवे असतील तर साखळी सामन्यांचं वेळापत्रक करतात तसं करायचं. आठ-आठच्या दोन समोरासमोर रांगा करा. एका टोकाच्या मुलाने जागा सोडायची नाही, आणि उरलेल्या पंधरांनी दर वेळी एकेक जागा पुढे सरकत दोन्ही रांगांमधून फिरायचं. पंधरा फेऱ्या, दर फेरीत आठ जोड्या : १२० पुऱ्या होतात.

पुन्हा ४३ मुलं

मुलांची संख्या विषम असेल तर? पुढे मी नाडीचा प्रयोग घेतो तो असा. ४३ मुलांपैकी २१ आत, २२ बाहेर. आतल्या गोलात एक जागा मुद्दाम रिकामी ठेवायची, तिथे खुर्ची मांडायची आणि खुर्चीवर घड्याळ ठेवायचं. बाहेरचा जो कुणी खुर्चीसमोर येईल, त्याने किंवा तिने सगळ्यांसाठी वेळ धरायची : 'सुरू' म्हणायचं आणि अर्ध्या मिनिटाने 'थांबा' म्हणायचं. मग हुकूम 'एक', आणि सगळे एक घर पुढे. बावीस हुकूम पुरे व्हायची गरज नसते, पण झाले तर बाहेरच्या प्रत्येकाच्या वाट्याला खुर्ची एकदाच येते. दुसऱ्या दिवशी आतले आणि बाहेरचे भूमिका बदलतात.

उडी मात्र विचार करून निवडावी लागते. बावीस जागा आणि उडी दोनची घेतली, तर खुर्ची निम्म्याच मुलांपाशी फिरत राहील आणि उरलेली अकरा तिच्याजवळही येणार नाहीत. कुणी मुद्दाम वगळलेलं नसेल, तरी वगळली गेलेली असतील. हजेरीचे सम क्रमांक एकीकडे, विषम दुसरीकडे असे गट आपण वर्षभर सोयीसाठी करत राहतो, तेव्हाही असंच होत असतं.

विषम संख्येत कुणीतरी एक उरणार, यात बदल करता येत नाही. कोण उरणार हे मुलांच्या आवडीनिवडीवर सोडलं की दर वेळी बहुधा तेच मूल उरतं. नियमावर सोपवलं की प्रत्येकाची पाळी येते, आणि त्या पाळीला करायला काही कामही असतं. हा प्रयोग पहिल्यांदा घेतला तेव्हा घड्याळाची पाळी आलेल्या एका मुलाने मला विचारलं, "सर, पुन्हा कधी येणार माझा नंबर?" मी त्याला सांगितलं, बावीस हुकमांनी. तो वहीत हिशेब करायला बसला.